खिळे

खणभागात, हळदीच्या गोदामामागं आमचा छापखाना.
एक ट्रेडल, खिळ्यांच्या चार पेट्या,
आणि बाबालाल मुजावर, जुळारी.
मी सोळा वर्षांची. छापून झालेला मजकूर सोडवायचा,
क क-च्या घरात, म म-च्या घरात परत टाकायचा,
एवढंच माझं काम.
रोज संध्याकाळी गावाच्या सगळ्या बातम्या मोडून
मी अडीच रुपये घेऊन घरी जायचे.

शिसं उलटं असतं.
बाबालाल म्हणायचे, सरळ वाचायला शाळा शिकवते पोरी,
उलटं वाचायला पोट शिकवतं.

मग ते साल आलं.
कलेक्टर कचेरीतून एक सभ्य माणूस यायचा,
चहात साखर कमी, कानावर तांबडी पेन्सिल.
आवाज कधी चढला नाही त्याचा.
तासगाव स्टँडवरनं रात्री तीन माणसं उचलली होती;
ती सात ओळींची बातमी
त्यानं एका रेघेत उचलली.
मगदूम मालक म्हणाले, मग जागा कोरी सोडतो.
तो म्हणाला, कोरी जागा दिसते, आण्णा. कोरी पण नको.
तिथं हळदीचे भाव घातले.
राजापुरी एवढी, कडप्पा एवढी.
दुसऱ्या दिवशी अडत्यांची तक्रार आली, भाव चुकलेत म्हणून.
बाकी कुणी काही म्हणालं नाही.

आता पोरं विचारतात, भीती वाटायची का हो?
भीती पहिला महिनाभर.
नंतर पेन्सिलवाला एखाद्या दिवशी आला नाही
तर आम्हीच विचारायचो, साहेब आजारी का?
पुढं मालक स्वतःच रेघा मारायला लागले,
मग बाबालाल,
मग मी.
लग्नपत्रिकेतला "सर्वांनी" हा शब्द
एकदा मी विचारून लावला होता.
याची लाज मला अजून वाटते, त्या सात ओळींपेक्षा जास्त.

त्या ओळी मात्र बाबालालनी सोडवू दिल्या नाहीत.
सुतळीनं बांधल्या, ङ-च्या घराखाली सरकवल्या.
ङ कुणाला लागतोय, म्हणाले.

एकोणीसच्या पुरात आयर्विन पुलावर सत्तावन्न फूट पाणी.
छापखाना कधीच मिटला होता, त्या खोलीत माझं झेरॉक्सचं दुकान.
गाळ उपसताना गठ्ठा हाताला लागला.
उचलला, तर सुतळी कुजलेली.
सात ओळी माझ्या पायांवर सांडल्या.
बाबालाल नाहीत. मालक नाहीत. मूळ कागद बंबात गेला.
आणि मी? मी ती बातमी कधी वाचलीच नव्हती,
नुसते खिळे ओळखत होते.
आठवली ती अडीच नावं:
आप्पालाल नदाफ.
भूपाल चौगुले.
शि

आमच्या गल्लीत पुराच्या रेघा आहेत भिंतीवर,
पाच सालची खाली, एकोणीसची वर.
त्या कुणी पुसत नाही.
पाणी पुन्हा येणार, हे आम्ही शिकलोय.
वरच्या रेघेशेजारी, त्याच तांबड्या ऑइलपेंटनं
मी अडीच नावं लिहिली.

परवा कुणीतरी मोठं येणार होतं.
महापालिकेची माणसं चुना घेऊन आली.
म्हटलं, रेघ तरी ठेवा रे.
रेघ ठेवली त्यांनी. नावांवरनं कुंचला फिरला.
पोरगा बिचारा नवीन होता, म्हणाला,
मावशी, वरनं सांगितलंय, भिंत कोरी दिसली पाहिजे.
हे एक नवीनच. तेव्हा कोरी चालत नव्हती.

रात्री मी पुन्हा लिहिली.
हात थरथरतो, अक्षर वाकडं आलं.
सकाळी शटर उघडायला गेले, तर
शि-पुढं कोळशानं, दुसऱ्याच वळणात,
कुणीतरी लिहिलं होतं: दगोंडा पाटील.
आणि खाली आणखी एक नाव, तानूबाई लोहार,
जे आमच्या खिळ्यांत
कधी नव्हतंच.